बाबांच्या वाटचं नाणं

दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती. नाणेवाल्याने काचेवर दोन नाणी ठेवली होती आणि तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं होतं. उद्या आईचा वाढदिवस, आणि लेकीला आईच्या जन्मसालाचं नाणं तिला भेट द्यायचं होतं. पण ओळखपत्रावर साल होतं त्रेपन्न आणि मावशी छातीठोक सांगत होती, एकावन्न. चुकीचं दिलं तर आई वर्षभर टोमणे मारणार. काउंटरपाशी येरझारा घालून पाय दुखले, तेव्हा तिने गुपित गुंडाळून ठेवलं आणि सरळ आईलाच फोन लावला.

"हळू बोल, बाबा इथेच आहेत," आई कुजबुजली. "एकावन्नच खरं गं. पण तुझे बाबा बावन्नचे. मुलगी मोठी म्हटल्यावर लग्न मोडलं असतं, म्हणून तुझ्या आजोबांनी माझी दोन वर्षं खाल्ली. तू आपलं त्रेपन्नचंच आण. या वयात शोभा नको."

ती पर्स उघडतेय तोच फोन पुन्हा वाजला. बाबा होते, मागे नळ सोडल्याचा आवाज.

"दोन्ही घे. त्रेपन्नचं तिला दे, थाटात. एकावन्नचं गुपचूप माझ्याकडे."

"बाबा, तुम्ही ऐकलंत?"

"तिची कुजबुज शेजारीसुद्धा ऐकतात. आणि मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. पण तिला कळू देऊ नकोस हं. पन्नास वर्षं इतक्या निगुतीने फसवतेय मला, उगाच हिरमोड होईल तिचा."