शेजारणीची शेळी

शेळीने नव्याकोऱ्या शर्टाची कॉलर खाल्ली, तेव्हा माळावर नुकत्याच राहायला आलेल्या शिंप्याचं डोकंच फिरलं. अंगात बनियन, गळ्यात टेप, तसाच तो शेळीचा कान धरून शेजारच्या दारात गेला. आसपास घर तेवढं एकच होतं.

"ही तुमची लाडकी आवरा!"

तिथल्या निवृत्त नर्सबाईंनी मुकाट्याने शेळी आत घेतली आणि चहा टाकला. दुसऱ्या दिवशी बाही गेली, तिसऱ्या दिवशी खिसा. शिंपी रोज तणतणत जायचा आणि दोन कप चहा पिऊन यायचा.

आठव्या दिवशी गप्पा ऐन रंगात आल्या असताना टेकडीपलीकडचा गुराखी दारात उभा राहिला. "माझी शेळी रोज संध्याकाळी पोट भरून घरी येते. म्हटलं, दिवसभर सांभाळतं कोण, बघून यावं." शेळी घेऊन तो गेलासुद्धा.

शिंप्याचा कप हातातच राहिला. "म्हणजे ही तुमची नाही? मग आठ दिवस माझी बोलणी का खाल्लीत?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होते, पण तुम्ही ऐकून घेईनात," नर्सबाई म्हणाल्या. "आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून भांडायला आलात."