माझी सीट

बावीस वर्षं क्रिकेटच्या मैदानावरचा गवत कापायचा ट्रॅक्टर मीच चालवला. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि माझी सीट वैजयंताला मिळाली. आज तो बंद पडला, तेव्हा मला आतून बरंच वाटलं.

"तात्या, नवा प्लग घातला तरी ठिणगी येईना," बाजूला उभी राहून चावी फिरवत ती म्हणाली.

कारण मला ठाऊक होतं. सीटवर वजन असल्याशिवाय हा ट्रॅक्टर ठिणगी देतच नाही. दहा मिनिटं मी तोंड उघडलं नाही. मग स्वतःच चढायला गेलो, तर पाठीत अशी कळ आली की तिनंच मला सावरलं.

"बस सीटवर आणि मार चावी," मी म्हणालो.

पहिल्याच चावीला सुरू झाला. माझ्याकडून लेकाचा रोज तीन-तीनदा चावी मारून घ्यायचा.