दुखवट्याचा नियम

मनोरची पहिली एस.टी. आली तेव्हा चंद्रभान सावे पालघरच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे होते. बसमधून नागोरावांचा गडी उतरला. त्याने कागदांची एक गुंडाळी त्यांच्या हातात दिली आणि अगदी जवळ जाऊन काहीतरी सांगितलं. सावेंनी मान हलवली. गडी पायरीवर बसायला लागला, पण त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि त्याच गाडीने परत पाठवलं.

व्हरांड्यात बसलेल्या तानीने हे पाहिलं. ती बोईसरच्या पलीकडच्या पाड्यावरून पहाटेच निघाली होती. समुद्राकडे वीजघर उभं राहू लागलं तसा आसपासच्या जमिनीला भाव आला, आणि पाडा ज्या शेठच्या जमिनीवर होता त्याने ताब्याचा हुकूमनामा मिळवला. उद्या सकाळी बेलिफ झोपड्या पाडायला येणार होता. पाडण्याला कोर्टाची मनाई मिळाली तर आजच, नाहीतर तिचा उपयोग नव्हता.

"धाकले वकील कुठं हाय?" तिने विचारलं. तिचा अर्ज सावेंचा मुलगा बन्सी चालवत होता.

"मनोरला. अर्ज मी चालवतो."

"मना बोलले होते, मी उभा राहीन, तू घाबरू नको."

"मी उभा राहतो," सावे म्हणाले.

ते वकिलांच्या खोलीत गेले. तालुका वकील संघाचं अध्यक्षपद बरीच वर्षं त्यांच्याकडेच होतं, आणि संघाचा दुखवट्याचा नियम त्यांनीच घालून दिला होता. सभासद वारला की अध्यक्षांनी न्यायाधीशांना कळवायचं, शोकठराव वाचायचा, आणि त्या दिवशी कोणीही काम चालवायचं नाही. या नियमाला एकट्या बन्सीने विरोध केला होता. "गेलेल्या माणसाला एका दिवसाने काय फरक पडतो? पक्षकाराला पडतो," असं तो भर सभेत म्हणाला होता. सावेंनी त्याला खाली बसवलं होतं. त्यानंतर बापलेक कित्येक दिवस कामापुरतंच बोलत होते.

संघाचे सर्वात जुने सभासद नागोराव महिनाभर मनोरला अंथरुणावर होते. आज ना उद्या निरोप येणार हे सगळे धरून चालले होते.

शेठचे वकील मारुतीराव चुरी चहाचा कप घेऊन समोर बसले.

"अध्यक्ष, मनोरचा माणूस आला होता म्हणे."

"हो."

"नागोराव गेले?"

"तसा निरोप नाही."

"मग त्याला एवढ्या सकाळी कशाला पाठवलं?"

"बन्सी काल संध्याकाळी अर्जाचे कागद त्यांना दाखवायला घेऊन गेला होता. ते परत आले."

"कागद आले आणि मुलगा नाही आला. मोटारसायकल बिघडली वाटतं?"

सावेंनी गुंडाळी उलगडली. "त्याला तिथे राहावं लागलं."

चुरी हसले. "समजलं. तिथे माणसं लागणारच. चंद्रभानजी, आपण काय लहान आहोत? नागोरावांनी तुम्हाला बोट धरून वकिली शिकवली. त्यांचा दुखवटा संध्याकाळपर्यंत खिशात ठेवणार, तेही एका पाड्यासाठी? आणि नियम आमच्यासाठी."

"तुमचा चहा निवतोय," सावे म्हणाले.

त्यांच्यासमोरचा कप तसाच होता. त्यावर साय धरली होती.

अर्ज दुपारी पुकारला गेला. सावे उभे राहिले. कागदांचा एक कोपरा भिजून वाळला होता आणि पानं तिथे एकमेकांना चिकटली होती. कोणीतरी चहा सांडला असेल, असं तानीला वाटलं. सावेंनी ती पानं सोडवली नाहीत. त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून ते बोलत राहिले. पाडा जुना आहे. माणसं कसतात तीच जमीन आहे. नोटीस त्यांना वाचूनही दाखवली गेली नाही. एकदा ते मध्येच थांबले, आणि न्यायाधीशांनी पाणी हवं का म्हणून विचारलं. नको म्हणाले.

चुरींनी हुकूमनामा आणि नोटिशीची पोच एवढंच पुढे ठेवलं. पोचेवर पाड्याच्या म्हाताऱ्या सुकाचा अंगठा होता. आपल्याला नोटीस मिळाली, असं त्याच्या वर लिहिलेलं होतं.

न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंचे कागद पुन्हा वाचले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "अर्ज नामंजूर. झोपड्यांचं लाकूड आणि गवत त्यांना काढून नेऊ द्यावं."

तानीला समजलं नाही. तिने सावेंकडे पाहिलं.

"नाय झालं?"

"नाही झालं."

"धाकले असते तं झालं असतं?"

"माहीत नाही," सावे म्हणाले. "त्याच्या मनात होतं तेवढं सगळं मी बोललो."

ती खाली बसली आणि पदराच्या गाठीशी चाळा करू लागली. चुरी कागद बांधत होते. शिरस्तेदाराने पुढचं काम पुकारायला तोंड उघडलं, तोच सावे पुन्हा उभे राहिले.

"साहेब, संघातर्फे एक निवेदन आहे. आजचं बाकीचं काम तहकूब करावं ही विनंती."

खोलीतल्या सगळ्या वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. चुरी मान हलवत उठले आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाले, "आता आठवण झाली." बाकीचेही उभे राहिले. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"नागोराव चांगले वकील होते," ते म्हणाले.

"नागोरावांची प्रकृती आहे तशीच आहे, साहेब." सावेंनी अंगठा कागदाच्या त्या कोपऱ्यावरून उचलला. "काल रात्री मनोरच्या रस्त्यावर, अपघातात, संघाचे सर्वात तरुण सभासद वारले. बन्सीधर चंद्रभान सावे."