सर्व्हरची खंडेनवमी

सकाळी साऱ्या निवेघरचे फोन मुके झाले. गावाचं सोशल नेटवर्क गावातल्याच सर्व्हरवर चालायचं, आणि यंदा तो सांभाळायची पाळी द्वारकाकाकूंची होती. अर्धा गाव त्यांच्या ओसरीवर धावला.

सर्व्हर बंद होता. त्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली होती.

"काकू, बंद का केलात?" शिवदास ओरडला.

"आज खंडेनवमी. अवजारांना विसावा नको?"

"शेजारच्या गावाचं चालू आहे!"

"त्यांचं त्यांना. आपलं नेटवर्क कंपनीचं होतं तेव्हा कंपनीच्या मर्जीनं चालायचं. आता आपलं आहे. बस, खीर खा."

भांडायला आलेला गाव संध्याकाळपर्यंत ओसरीवर हसत बसला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर सुरू होताच शिवदासने त्या पंगतीचा फोटो टाकला. निवेघरशी जोडलेल्या शेजारच्या गावाच्या नेटवर्कवरून लगेच उत्तर आलं, "पुढच्या वर्षी आम्हीही बंद ठेवतो. खीर जास्त करा."