अधिक माहितीसाठी संपर्क

"प्रयोगशाळेतली कायमची जागा आस्गरचीच आहे. जाहिरात आपली नियमापुरती," विभागप्रमुख टोर्किल कॉफी ओतत म्हणाला. "तू उगाच अर्ज करत बसू नकोस."

मायकेनने आपला कप पुढे केला. विद्यापीठाची शिंपल्यांची प्रयोगशाळा आठ वर्षं तिनेच चालवली होती, तीही कंत्राटावर. म्हणून जाहिरातीखाली माहितीसाठी नावही तिचंच. डेन्मार्कात अर्ज करण्याआधी फोन करून चौकशी करायची रीत. मर्जीतल्या आस्गरच्या मापाने शिवलेली जागा, लोकांनी फोनवर चार प्रश्न विचारले की बाकीचे आपणच गळतील, असा टोर्किलचा हिशेब.

ओडेन्सेहून फोन आले, कोपनहेगनहून आले. मायकेनने सगळे घेतले.

मुदत संपली त्या सकाळी टोर्किल तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "अर्जांचा ढीग पडलाय. फोनवर लोकांना सांगत काय होतीस तू?"

"तूच जाहिरातीत लिहिलंस ते. जागा सगळ्यांना खुली आहे."

"आणि त्यात तुझाही अर्ज?"

मायकेनने शिंपल्यांच्या टाकीवरचं झाकण नीट बसवलं.

"मीही आधी चौकशी केली ना. संपर्कातल्या बाई म्हणाल्या, ठरलंय-बिरलंय काही मनावर घेऊ नका, बिनधास्त करा."