सात तुकडे

फीत कापून झाली होती. नव्या दवाखान्यात पाहुणे काउंटरभोवती कॉफी पीत उभे होते. काउंटर डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी स्वतः बनवलेला. सुतार माणूस, आज कडक इस्त्रीचा शर्ट चढवला होता, पण कानामागची पेन्सिल काढायची राहिली होती. लेकीचं अर्धं लक्ष सकाळपासून त्या पेन्सिलीवर.

तिला शिकवणारे मोठे डॉक्टर वडिलांजवळ आले. "काय हो, लेक नक्की कसली डॉक्टर झाली, ठाऊक आहे का?"

वडिलांनी कप ठेवला. घसा खाकरला. डाव्या हाताची बोटं पँटच्या शिवणीवर एकेक करून टेकू लागली. "गॅस्..."

"पोटाची, सर," ती घाईने मध्ये पडली. "बाबांना तेवढंच झेपतं. अख्खा शब्द घेतला तर कवळी हातात येईल."

हशा पिकला. चारचौघांत बाप अडखळण्यापेक्षा हे स्वस्तात सुटलं, असं तिला वाटलं. वडीलही हसले. "हो, पोटाचीच," म्हणाले आणि रिकामे कप गोळा करायला लागले.

पाहुणे पांगल्यावर तिने पेनासाठी ड्रॉवर ओढला. नवा कोरा, गुळगुळीत. तो अख्खा हातात आला. आत सगळीकडे पॉलिश, तळाची एक पट्टी तेवढी बिनपॉलिशची. तिच्यावर सुताराच्या पेन्सिलीने, काटकोनी गुण्याने आखलेल्या उभ्या रेघांमध्ये लिहिलं होतं : गॅस् । ट्रो । एन् । ट । रॉ । ल । जिस्ट. 'रॉ'खाली दोन रेघा.

"ते पुसू नका हं, मॅडम," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. "मीच तो शब्द तोडून दिला काकांना. सात तुकडे, जोर पाचव्यावर. पंधरा दिवस रंधा मारताना तेच चाललं होतं. काल वीसदा म्हणाले, एकदाही चुकले नाहीत."

वडील कप विसळून हात पुसत आले. त्यांनी ड्रॉवर पाहिला, मग लेकीला.

"बाबा," ती म्हणाली. "एकदा म्हणा ना."

"आता कुणाला ऐकवू? पाहुणे तर गेले."

त्यांनी ड्रॉवर मांडीवर घेतला, खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा काढला आणि घासायला लागले. बाकीची अक्षरं चटकन गेली. 'रॉ' तेवढा जाता जाईना. तिथे पेन्सिल बरीच दाबून फिरवली होती.