झाकलेली काडी

"आजोबा, मघाशी तुम्ही डाव्या पायानं लंगडत होता," दिशा म्हणाली. "आता उजव्या?"

"पाय पण माझ्यासारखाच. लहरी हाय," सोनबा म्हणाला.

दिशानं कपाळाला हात लावला. महाडमधल्या तिच्या एवढ्याशा दवाखान्यात मोठी यंत्रं कुठून असणार? स्टँडवर साधा मोबाइल आणि फरशीवर चिकटपट्टीनं आखलेली वाट. माणूस चालला की लॅपटॉपवर त्याच्या सांध्यांचे ठिपके जोडून एक काडीचा माणूस चालायचा आणि कुठला पाय कुठं चुकतो ते दाखवायचा. त्या काडीनं तिला असं कधी चकवलं नव्हतं.

बयाबाई बाकावर पिशवी कवटाळून बसली होती. तिच्या जिवाला घोर लागला होता. पोलादपूरच्या वरचं त्यांचं घर म्हणजे नुसती चढण. म्हाताऱ्याचा पाय गेला तर घराला कुलूप लावून मुंबईला लेकाकडे जावं लागणार.

"नीट चाला की वो," ती करवादली. "पोरीला येड लावाल."

"एकट्याला धीर नाय होत. तू चल बाजूनं."

"मी? बाजूनं?"

लग्न झाल्यापासून ती त्याच्या मागूनच चालत आली होती. देवळात जायचं असो की बाजारात, तो पुढं, ती मागं.

"इथं कोण बघतंय? चल."

दोघं चालली. पडद्यावर दोन काड्या दिसायला लागल्या. दुसरी उगाच मध्ये येते म्हणून दिशानं ती झाकून टाकली. सोनबा लंगडला, मग विसरला, मग एकदम आठवण झाल्यासारखा परत लंगडला. दिशानं त्याचे गुडघे दाबले, टाचा पाहिल्या. कशाचा कशाला मेळ नाही.

"अजून एक फेरी. दोघांची," सोनबाच म्हणाला.

फेरी झाली. बयाबाईला धाप लागली. ती पाणी प्यायला बाहेर गेली.

सोनबा सरळ, ताठ चालत दारापाशी गेला. ती लांब गेली का बघितलं आणि दार हळूच लोटलं.

"खरं सांगू आजोबा? तुमचं मला काहीच कळत नाही."

"माझं ऱ्हाऊ दे गो बाय. डाक्टरचं नाव काढलं की ती भांडते. पावसाळ्यापासनं माझ्या मागं तिची चप्पल घासत येते, मी ऐकतोय. आता ती झाकलेली काडी उघड."